पुणे ते देवबाग, गरवायला: भाड्याच्या टेम्पो ट्रॅव्हलरचा चार दिवसांचा अनुभव

ड्रायव्हर काकांना पाचपैकी पाच, गाडीला अडीच, आणि गाडी देणाऱ्या ऑफिसला दोन. हे आधीच सांगून टाकतो कारण बरेच जण फक्त तेवढंच बघायला येतात, पण ज्यांना पुण्यातून सात-आठ मित्र घेऊन, रॉड-रील आणि बर्फाच्या पेट्या घेऊन कोकणात गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, जायचंय त्यांनी पुढचं पण वाचा, कारण आम्हाला हे आधी कोणी सांगितलं असतं तर आमची एक आख्खी भरती वाया गेली नसती.

आम्ही नऊ जण. कोथरूड, वारजे, सिंहगड रोड असे पसरलेलो, एकजण सांगलीचा पण आता हिंजवडीत नोकरीला. एरवी आमचं गरवणं म्हणजे रविवारी पहाटे उठून उजनीच्या पाण्यावर जायचं आणि चिलापी घेऊन यायची. वर्षातून एकदा मात्र समुद्र. याआधी दोनदा दोन-दोन कार घेऊन गेलो होतो आणि दोन्ही वेळा तेच झालं, गाडी चालवणारे चौघं पोचल्या पोचल्या झोपले आणि बाकीचे किनाऱ्यावर. म्हणून या जानेवारीत ठरवलं की ड्रायव्हरसकट गाडी घ्यायची, सगळे एका गाडीत, आणि पोचलं की थेट होडीत. देवबाग मालवणच्या जवळ, आणि मालवणला पुण्यातून जायचं म्हणजे पावणेचारशे-चारशे किलोमीटर आणि शेवटी घाट, त्यात कोकण रेल्वे धरायची म्हणजे बहुतेक गाड्यांसाठी आधी पनवेल गाठा, सात फुटी रॉड आणि बर्फपेटी घेऊन ते काही जमणारं नाही. तेव्हा तेरा सीटची एसी टेम्पो ट्रॅव्हलर. नऊ माणसं आणि मागच्या चार सीट सामानाला, हा हिशोब एकदम बरोबर होता, यात काही बदलणार नाही.

ऑफिसचं नाव घेत नाही. तिथे फोनवर बोलणारे साहेब गोड बोलतात. गाडीचे फोटो पाठवले ते नव्या गाडीचे, वर कॅरियर असलेली, पुशबॅक सीट. मी तीनदा विचारलं की कॅरियर आहे ना, कारण आमच्याकडे पीव्हीसी पाइपची नळकांडी आहेत रॉड ठेवायला, ती वर बांधता आली की आत पाय ठेवायला जागा राहते. तीनदा हो म्हणाले. आली ती गाडी वेगळी. त्याच रंगाची पण चार-पाच वर्षं जुनी, कॅरियर नाही, मागून तिसऱ्या रांगेतली एक सीट मागे जायची पण परत पुढे यायची नाही. रात्री एक वाजता वारज्याच्या पुलाखाली उभं राहून भांडणार कोणाशी? काकांना तर संध्याकाळीच सांगितलं होतं की ही गाडी घेऊन जा. त्यांचा काय दोष.

नळकांड्यांचं सांगतो कारण ते खूप कामाचं आहे. तीन इंची पीव्हीसी पाइप हार्डवेअरच्या दुकानातून हव्या त्या लांबीचा कापून आणायचा, एका बाजूला टोपण चिकटवून टाकायचं, दुसऱ्या बाजूला उघडता येणारं टोपण, आत जुना स्पंज. एका नळकांड्यात तीन-चार रॉड बसतात आणि वर बॅगा पडल्या तरी रिंगा वाकत नाहीत. दोन तुकड्यांचा दहा फुटी रॉड पाच फुटात मावतो, तो कुठेही जातो, पण एकसंध सात फुटी बोटीचा रॉड असेल तर तो सीटच्या मधल्या वाटेतच आडवा टाकावा लागतो आणि मग रात्रभर प्रत्येकजण त्याला ओलांडत चढतो-उतरतो. आमचं तसंच झालं. तेव्हा कॅरियर आहे की नाही हे फोटोवर नाही, प्रत्यक्ष गाडीजवळ जाऊन बघा.

आता पैशाचं. चोवीस रुपये किलोमीटर, दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटर धरणार, ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला ५०० रुपये, टोल-पार्किंग आपलं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दिवस म्हणजे चोवीस तास नाही, तारीख बदलली की दिवस बदलला. म्हणजे गुरुवारी रात्री अकराला निघालात तर त्या एका तासासाठी गुरुवारचे ३०० किलोमीटर तुमच्या बोडक्यावर. म्हणून आम्ही मुद्दाम रात्री साडेबाराची वेळ दिली. शुक्र, शनि, रवि, सोम असे चार दिवस, म्हणजे १२०० किलोमीटरचे २८,८०० रुपये, भत्ता २,०००, टोल आणि पार्किंग मिळून २,५००, सगळे मिळून ३३,३००. नऊ जणात प्रत्येकी ३,७००. प्रत्यक्षात गाडी पळाली जेमतेम ८७० किलोमीटर, पण या पद्धतीत कमी पळाली तरी १२०० चेच द्यावे लागतात, आणि ते मला पटलेलं आहे कारण गाडी आणि माणूस दोन्ही चार दिवस आपल्यासाठी अडकलेले असतात. वर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत किलोमीटर मोजतात, ते पण आधी विचारा. सोमवारी परत आल्यावर ऑफिसने म्हणायला सुरुवात केली की गाडी गॅरेजमधून पावणेबाराला निघाली होती त्यामुळे गुरुवार धरणार. नशीब की साडेबाराची वेळ मी व्हॉट्सॲपवर लेखी घेतली होती आणि त्याच्याखाली त्यांचं ओके होतं. ते दाखवल्यावर विषय संपला. सगळं लेखी घ्या, फोनवरचं गोड बोलणं कामाला येत नाही.

काकांबद्दल लिहायला मात्र मला जास्त जागा लागणार आहे.

वय पंचावन्नच्या पुढे, भोरकडचे, कमी बोलणारे. गाडीत बसल्या बसल्या पहिली गोष्ट त्यांनी काय केली तर आमच्यातल्या एकाला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "सायेब, तीन ते पाच येक जन माझ्यापाशी बसा. बोलायचं काय नसंल तरी चालंल, नुसतं जागं ऱ्हावा." मी इतकी वर्षं गाडी चालवतोय पण असं उघडपणे सांगणारा ड्रायव्हर पहिल्यांदा भेटला. बाकीचे म्हणतात मला झोप येतच नाही, आणि तीच माणसं पहाटे डुलक्या काढतात. आम्ही पाळ्या लावल्या. माझी पाळी तीन ते चारची होती, सातारा मागे पडलेला, सगळे मागे घोरत होते आणि काका एका लयीत चालवत होते, ना जोरात ना हळू. खंबाटकीच्या उतारावर त्यांनी गिअरवर गाडी धरली होती ते मला अर्धवट झोपेत पण कळलं होतं, ब्रेक दाबत दाबत उतरणारा आणि गिअरवर उतरणारा यातला फरक मागे बसलेल्या माणसाच्या पोटाला लगेच कळतो.

कराडच्या आधीपासून खरी परीक्षा. एक तर सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी रस्ता वळवलेला, पत्रे लावलेले, सर्व्हिस रोडवर उतरा आणि परत वर चढा. आणि जानेवारी म्हणजे गाळप जोरात, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालू. मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस बाहेर आलेला, समोरून दिवे पडले की डोळे दिपतात आणि त्या दिपलेल्या क्षणातच ती ट्रॉली पुढ्यात असते. काका म्हणाले हायवेला मी ट्रकला भीत नाही, उसाला भीतो. त्यांची पद्धत अशी की समोरून दिवे दिसले की पाय आधीच काढायचा, ट्रॉली दिसण्याची वाट बघायची नाही. तासाभरात अशा दहा-बारा तरी ट्रॉल्या आम्ही ओलांडल्या असतील आणि एकदाही कचकन ब्रेक लागला नाही. जे दोन-दोन कार घेऊन रात्री या रस्त्याने जातात त्यांना हात जोडून सांगतो, नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत कराड ते कोल्हापूर रात्रीचं चालवायचं असेल तर ज्याला सवय आहे त्याच्याच हातात स्टिअरिंग द्या. आम्ही आधीच्या दोन्ही वेळा स्वतः चालवलं होतं, ते आठवून आता अंगावर काटा येतो.

पहाटे पाचच्या सुमारास पेठ नाक्याच्या पुढे, किणीचा टोल यायच्या आधी, पुढचा डावा टायर बसला. काकांनी गाडी बाजूला घेतली, मागे दगड लावले, झाडाची फांदी तोडून गाडीच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर ठेवली, आम्हाला सगळ्यांना खाली उतरवून रस्त्यापासून लांब उभं केलं. स्टेपनी काढली तर तिच्यात हवाच नाही. हाताने दाबली तर दबत होती. जॅक होता, पाना होता, पण त्या स्टेपनीकडे कितीतरी दिवसात कोणी बघितलेलंच नव्हतं. काकांचा चेहरा उतरला. ते म्हणाले ही गाडी माझी नेहमीची नाही, संध्याकाळी सातला किल्ली दिली, मी तेल-पाणी बघितलं, स्टेपनी बघायची राहिली, चूक माझीच. पण हे ऑफिसचं काम आहे असं मला स्पष्ट वाटतं. नऊ माणसं घाटातून पाठवताय तर स्टेपनी बघून द्यायला नको?

थंडी अशी होती की बोलताना वाफ निघत होती. आम्ही हायवेच्या मदतीचा नंबर लावतच होतो तेवढ्यात एक दुधाची पिकअप थांबली. काकांनी त्या माणसाशी दोन वाक्यं बोलून दोन्ही टायर त्यात टाकले आणि स्वतः मागे कॅनच्या मधे बसून वाठारच्या फाट्याकडे गेले, सांगलीचा मित्र त्यांच्यासोबत. पंक्चरवाल्याला झोपेतून उठवला, पुढच्या टायरचं पंक्चर काढलं, स्टेपनीचा वॉल्व्ह बदलला, आणि परत येताना पंक्चरवाल्यानेच मोटरसायकलवर एकेक करून टायर आणून दिले. दुधवाल्याने एक पैसा घेतला नाही. सात वाजून गेले सगळं व्हायला. दोन तास. रस्त्याच्या कडेला दोन तास हे काही फार नाही म्हणाल, पण गरवायला जाणाऱ्याला दोन तास म्हणजे काय ते सांगतो.

कोकणात भरतीची वेळ काढायची सोपी रीत आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. आमचे होडीवाले दादा म्हणाले होते की पौर्णिमेच्या दिवशी येऊ नका, उधाणाचं पाणी गढूळ असतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी या. म्हणून शुक्रवारची कृष्ण तृतीया निवडली होती, तीनाचे पाऊणपट सव्वादोन. सकाळी आठच्या आसपास ओहोटी संपून पाणी चढायला लागणार आणि सव्वादोनला पूर्ण भरणार. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या संगमावर चढत्या पाण्याबरोबर मासा आत येतो, म्हणजे साडेअकराला पोचून बाराला होडीत बसलो असतो तर दोन-सव्वादोन तास चढतं पाणी मिळालं असतं. पोचलो दोनला दहा कमी असताना. होडीत बसेपर्यंत पाणी भरून थांबलेलं. थांबलेल्या पाण्यात मासा तोंड उघडत नाही. तासभर बसलो, एक शिंगाळा लागला तो सोडला. दादा शांतपणे म्हणाले, "आज वेळ चुकली, उद्या गावतली." रागवायचं कोणावर, पण त्या न बघितलेल्या स्टेपनीने आमच्या तीन दिवसांतली एक भरती खाल्ली, ऑफिसला दोनच मार्क दिलेत ते यासाठी.

मधला रस्ता राहिला. कोल्हापूरला आठला पोचलो, अर्धा तास थांबून मिसळ खाल्ली आणि राधानगरीच्या रस्त्याला लागलो. गगनबावड्याने करूळ घाट उतरायचा, की आजऱ्यावरून आंबोली, की राधानगरीवरून फोंडा, यावर आमच्यात दर वर्षी वाद होतो. काकांनी फोंडा निवडला. राधानगरीचं धरण, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं, पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणाऱ्या दरवाज्यांचं, ते डाव्या-उजव्या हाताला दिसत राहतं आणि मग दाजीपूरचं गव्यांचं जंगल सुरू होतं. तिथे काकांनी काच खाली करायला सांगितली आणि एसी बंद केला. जंगलाचा तो ओला थंड वास गाडीत शिरला आणि टायर पंक्चर झाल्यापासून गप्प बसलेली सगळी मंडळी बोलायला लागली. गवा दिसला नाही. घाट उतरताना काकांनी एकदाही ओव्हरटेक केलं नाही, पुढे एक एसटी होती तिच्या मागेमागे आलो, आमच्यातला एक म्हणाला काका जरा घ्या की पुढे, भरती निघून चाललीय. त्यावर काका म्हणाले, "भरती उद्या बी येती." तो पुढे काही बोलला नाही. खाली फोंड्यात उतरलो की हवा बदलते, दमट, उकडायला लागतं, कणकवली, कसाल, मग मालवणचा रस्ता, काजूची आणि आंब्याची झाडं, आणि मग तारकर्ली ओलांडून देवबागची ती चिंचोळी पट्टी, एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला खाडी.

इथे एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. ड्रायव्हरच्या झोपायची सोय. रात्रभर चालवून आलेल्या माणसाला बरेच लोक गाडीतच झोपायला सांगतात, डास, उकाडा, आणि परत तोच माणूस तुम्हाला घाटातून वर नेणार. आम्ही राहायच्या घरी काकूंना आधीच फोन करून दहा माणसं सांगितली होती, नऊ नाही. काकांना वेगळी खोली, पंखा, आंघोळीला गरम पाणी, आणि जेवायला आमच्याच पंगतीत. पहिल्या दिवशी ते संकोचत होते, काकूंनीच त्यांना बांगड्याचं तिखलं वाढलं, तिरफळाचा तो वास त्यांना नवीन होता, म्हणाले आमच्याकडं असं कधी खाल्लं न्हाय, आणि परत वाढून घेतलं. त्या दिवशी दुपारी चारला झोपले ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठले.

शनिवारी पहाटे सव्वासहाला होडीत. चतुर्थीची भरती तीनची, म्हणजे सकाळी नऊपर्यंत उतरतं पाणी, संगमावर खाडीचं पाणी जोरात बाहेर पडत होतं. दादांनी पागाने, म्हणजे फेकायच्या जाळ्याने, चिंगुळं (छोटी कोळंबी) धरून बादलीत जिवंत ठेवली होती. गळाला चिंगूळ शेपटीकडून लावायचं, शिसं अगदी हलकं, प्रवाहाबरोबर जाऊ द्यायचं. पाऊण तासात तीन तांबोश्या आल्या, प्रत्येकी किलोच्या आसपास. आणि साडेसातच्या सुमारास आमच्या सिंहगड रोडच्या मित्राचा रॉड असा वाकला की दादा उभे राहिले आणि ओरडले, "चोणक! सोडा, सोडा, ओढू नका!" चोणकाचा कल्ला पात्यासारखा धारदार असतो, साधी लाइन घासली तर कापली जाते, म्हणून चाळीस पौंडी लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोऱ्याचा तुकडा, लावलेला होता तो कामाला आला. दोनदा पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकलं त्याने. वीस मिनिटं. साडेचार किलो भरला. मित्राचे हात थरथरत होते आणि तो काहीच बोलत नव्हता, नुसता माशाकडे बघत होता.

आणि त्या दिवशी संकष्टी. त्याचा उपास. आख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात मोठा मासा ज्याने धरला त्याने तो दुपारी खाल्ला नाही आणि रात्रीही नाही. आम्ही म्हटलं अरे चोणक बर्फात ठेवू, उद्या सगळे मिळून खाऊ, तर काकू लगेच म्हणाल्या तसंच करा. रात्री नऊच्या पुढे तो खाडीच्या बाजूला जाऊन बसला, चंद्र तिकडूनच उगवतो, समुद्र पश्चिमेला. आम्ही आठही जण हळूहळू जाऊन त्याच्याशेजारी बसलो. खाडीपलीकडच्या माडांच्या वर लालसर चंद्र आला, काकूंनी त्याच्यासाठी केलेले मोदक ताटात आणले, आणि काका पण येऊन बसले होते, त्यांचाही उपास होता हे तेव्हा कळलं, त्यांनी दिवसभर कोणालाच सांगितलं नव्हतं.

रविवारी बाहेर समुद्रात गेलो. सुरमईच्या दातांपुढे तारेचाच लीडर लागतो हे विसरलेल्या एकाचा ल्युर (नकली मासा) गेला, दुसऱ्याला तीन किलोची सुरमई लागली, बांगडे भरपूर. मालवणच्या किल्ल्याभोवती सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासूनचं, तिथल्या खडकांच्या भागात गळ टाकायचा नाही, दादांनी होडी त्या बाजूला नेलीच नाही आणि आम्हीही म्हटलं नाही. जे बोटवाले नेतो म्हणतात त्यांच्याबरोबर जाऊ नका.

परतीचा प्रवास सोमवारी ठेवला होता, कारण रविवारी संध्याकाळी खंबाटकीपासून खेड शिवापूरपर्यंत काय गर्दी असते ते पुणेकरांना सांगायला नको. पहाटे साडेपाचला निघालो. मासे न्यायचे तर एक किलो माशाला एक किलो बर्फ, यात कंजूषी करायची नाही. आमच्याकडे आठ किलो मासा होता, आदल्या संध्याकाळी पोट साफ करून, कल्ले काढून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून, खाली बर्फ, मधे बर्फ, वर बर्फ. बर्फ मोठ्या लादीचा नको, फोडलेला हवा, तो माशाला सगळीकडून चिकटतो. सुरमई आणि बांगडा उन्हात तासभर जरी राहिला तरी त्यात असं काही तयार होतं की शिजवून पण जात नाही, खाणाऱ्याचं अंग लाल होतं, डोकं दुखतं. थर्मोकोलची पेटी कितीही चांगली असली तरी तिच्या खाली जाड प्लॅस्टिक पसरा आणि पेटी चिकटपट्टीने बंद करा. कोल्हापूरला जेवायला थांबलो तेव्हा काकांनी स्वतःहून पेट्या बाहेर काढल्या, वितळलेलं पाणी ओतून टाकलं आणि शेजारच्या दुकानातून नवीन बर्फ आणून भरला. आम्ही सांगितलं नव्हतं.

पुण्यात संध्याकाळी पावणेपाचला. वारज्याला उतरवल्यावर काकांनी गाडी झाडली, पुसली, मी स्वतः उभा होतो. आणि तरी मंगळवारी ऑफिसचा फोन, गाडीला माशाचा वास येतोय, साफसफाईचे १,५०० द्या. मी काकांना फोन केला. त्यांनी मला काही सांगितलं नाही, फक्त म्हणाले थांबा, आणि दहा मिनिटांनी ऑफिसचाच परत फोन आला की राहू दे. नंतर कळलं की काकांनी तिकडे सांगितलं, "गाडीत थेंब पडलेला न्हाय, मी सोता धुतलीय, कापायचं तर माझ्या पगारातनं कापा." त्या नोकरीत हे बोलणं सोपं नसतं. आमच्या सगळ्यांकडून त्यांना वेगळे पैसे दिले होते ते भत्त्याच्या वर, घेत नव्हते, शेवटी मुलीच्या पुस्तकांसाठी म्हणून घेतले.

तर त्या ऑफिसकडून परत गाडी घेणार का, नाही. काकांबरोबर परत जाणार का, ज्या गाडीवर ते असतील त्या गाडीने. ऑक्टोबरमधे पौर्णिमेनंतरची तृतीया कोणत्या वारी येते ते बघून ठेवलंय, त्यांना विचारलंय, ते म्हणाले तवा दुसऱ्या मालकाकडं असंन, गाडी चांगली हाय. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी दिवसाउजेडी जाऊन बघणार आहोत, कॅरियर, सीट, टायर, आणि स्टेपनी खाली उतरवून, हवा भरायच्या पंपावर नेऊन.